नारिंगी बॉयलरसूटने कालवा पाहिला

मित्रांनो, आधी माझे डाग नीट बघून घ्या, मग पुढचं बोलू. उजव्या गुडघ्यावरचा काळपट डाग जड तेलाचा आहे. छातीवरचा ठिपका ग्रीसचा. धुऊन धुऊन सगळे थकले, पण हे दोघे काही हलले नाहीत आणि मला ते हलायला नकोही आहेत. मी एक जुना बॉयलरसूट आहे. जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करणारी माणसं घालतात तो. शर्ट आणि पँट एकत्र शिवलेली, गळ्यापासून पोटापर्यंत चेन, आणि कापड असं जाडजूड की ओला झालो तर मला पिळायला दोन माणसं लागतात. रंग नारिंगी. आता थोडा उडालाय, पण लांबून अजून दिसतो. धुरात माणूस पटकन सापडावा म्हणून तर हा रंग! कपाटात माझ्या शेजारी लग्नातला सूट टांगलेला आहे. डांबरगोळ्यांच्या वासात नुसता लटकून असतो बिचारा. जगात काय पाहिलंस, असं त्याला एकदा विचारा.

माझा जन्म सिंगापूरचा. बंदराजवळ जहाजांना लागणारं सामान विकणारं एक दुकान होतं. दोरखंडापासून टूथपेस्टपर्यंत सगळं मिळायचं तिथे. त्या दुकानाच्या माडीवर एका मलय बाईंनी मला शिवलं. माझ्या खिशांना त्यांनी दुहेरी टीप मारली. खिशात पाना असतो आणि खिसा फाटला तर तो कुणाच्या तरी डोक्यात पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. इतकी वर्षं झाली, माझा एकही खिसा उसवलेला नाही.

पद्माकर साहेबांनी मला त्या दुकानातून उचललं, तेव्हा ते जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. पुण्याहून बिऱ्हाड नुकतंच सिंगापूरला आलेलं, बुकित पंजांगच्या एका फ्लॅटमध्ये. साहेब अंगाने भरलेले पण उंचीने बेताचे. मी पायात चांगलाच लोळायला लागलो. मग अरुणाबाईंनी साहेबांना हॉलच्या मधोमध उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून माझे पाय दुमडायला घेतले.

"हलू नका हो, टोचेल."

"अगं, इंजिनरूममध्ये कोण बघतंय? दुमडून घालीन."

"दुमडून घालाल आणि शिडीवर पाय अडकून पडाल. मग मी काय करू इथे?"

मित्रांनो, माझ्या पायाची ती शिलाई अजून तशीच आहे. अरुणाबाईंच्या हातची.

आता मी एवढा टिकलो कसा, ते सांगतो. जहाजावर बॉयलरसूट वर्षभरात चिंध्या होऊन जातो. पण शहाणा इंजिनिअर एक चांगला सूट राखून ठेवतो. तपासणी असली, जहाज गोदीत गेलं किंवा कालव्यातून जायचं असलं, की तो बाहेर काढायचा. साहेबांचा तो राखीव मानकरी म्हणजे मी! रोजच्या कामाला माझे भाऊबंद जायचे आणि झिजून फडकी व्हायचे. मी मात्र घडी होऊन वाट बघायचो. पनामाचा कालवा आला की साहेब म्हणायचे, "चल रे राजा." सेकंड इंजिनिअरचे ते पुढे चीफ इंजिनिअर झाले, तरी राजा मीच राहिलो. सुट्टीत घरी आलो की अरुणाबाई मला धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर वाळत घालायच्या. समोरच्या ब्लॉकमधल्या चिनी आजी मला बघितलं की हाक मारायच्या, "युवर हजबंड कम बॅक आलरेडी!" बघा मग, साहेब आल्याची बातमी सगळ्या ब्लॉकला माझ्यामुळे कळायची.

अरुणाबाईंना मात्र या सगळ्याचा अभिमान कमी आणि त्रास जास्त होता. वर्षातले बरेचसे महिने त्या वाटच बघत असायच्या. गार्गी जन्मली तेव्हा आम्ही अटलांटिक समुद्रात होतो. बातमी आली तेव्हा साहेबांनी कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना चहा पाजला आणि मग पंपाच्या मागे जाऊन माझ्या बाहीला डोळे पुसले. अरुणाबाईंना हे कुणी सांगितलं नाही. त्यांनी एकटीने बाळंतपण काढलं, एकटीने शाळा बघितली, एकटीने तापात रात्री जागवल्या. साहेब निवृत्त झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची."

पण कुठलं काय! गार्गी बापाच्या वळणावर गेली. लहानपणी घरातला मिक्सर उघडून त्याचे तुकडे जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवणारी पोर. तिने मरीन इंजिनिअरिंग केलं आणि शिकता शिकता समुद्रावर जाऊनही आली. मग एका गॅसवाहू जहाजावर फोर्थ इंजिनिअरची नेमणूक आली, तेव्हा अरुणाबाईंनी जेवण सोडलं नाही एवढंच. बाकी सगळं केलं. रडल्या, ओरडल्या, चार दिवस अबोला धरला.

"एका माणसाची वाट बघून झाली माझी," त्या म्हणाल्या. "आता दुसऱ्याची बघायची ताकद नाही माझ्यात."

साहेबांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं. ते काय बोलणार? शेवटी गार्गीने आईच्या हातावर हात ठेवला. "ओके आई, ही एकच बोट. प्रॉमिस. मग मी किनाऱ्यावरच्या ऑफिसात नोकरी करीन. आता तरी हस ना, लाह!"

सिंगापूरच्या पोरांसारखं तिच्याही वाक्याच्या शेपटीला ते 'लाह' लागायचंच. अरुणाबाई हसल्या. गार्गीही हसली, पण तिचं हसणं काही खरं नव्हतं. मित्रांनो, ती पोर शब्दाची पक्की आहे. आईला दिलेला शब्द ती मोडणार नव्हती. समुद्र तिचा जीव की प्राण होता आणि आता तो एकाच बोटीपुरता उरला होता.

गार्गी गेली. साहेब रोज संध्याकाळी सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर जाऊन नांगरलेली जहाजं बघत बसायला लागले. आणि एक दिवस घरी येऊन म्हणाले, "अरुणा, गार्गीची बोट अमेरिकेतून गॅस भरून पनामाच्या कालव्यातून जपानला जाणार आहे. आपण जाऊया का तिकडे? किल्ले आहेत, समुद्रकिनारा आहे, कॅरिबियन समुद्र आहे. आणि पोरगीही भेटेल."

"भेटेल?" अरुणाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"बोट कालव्याबाहेर नांगर टाकून थांबते. एजंटच्या लाँचने जाता येईल. निदान डबा तरी नक्की पोचवता येईल."

झालं! दुसऱ्या दिवशी घरभर बेसन भाजल्याचा वास. लाडवांचा मोठा स्टीलचा डबा भरला. सुटकेसमध्ये तो आपटू नये म्हणून गुंडाळायला काहीतरी जाड हवं होतं. अरुणाबाईंनी कपाट उघडलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "हा घेते. पडूनच तर असतो." पडूनच असतो! ज्याने त्या कालव्याच्या इतक्या वाऱ्या केल्या, त्याला लाडवांचं गाठोडं केलं! पण खरं सांगू, मी मनातून खूश होतो. मी पुन्हा निघालो होतो.

पनामाच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने सुटकेस उघडायला लावली. त्याने माझी बाही उचलली, माझ्या पाठीवरचं पुसट झालेलं कंपनीचं नाव वाचलं, साहेबांकडे बघितलं आणि विचारलं, "मरिनेरो?" म्हणजे खलाशी का? साहेबांनी मान हलवली. त्याने डबा न उघडताच झाकण थोपटलं आणि सुटकेस बंद केली. अरुणाबाई म्हणाल्या, "सज्जन आहे हो हा." सज्जन असेलही, पण मान मला होता, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

आम्ही पोर्तोबेलो नावाच्या गावात उतरलो. लहानसं गाव, समोर निळीशार खाडी आणि पाण्याच्या कडेलाच स्पॅनिश लोकांनी बांधलेले जुने किल्ले. या लोकांनी दक्षिणेकडून लुटून आणलेलं सोनं-चांदी इथे साठवायचं आणि जहाजात भरून स्पेनला न्यायचं, असा त्यांचा धंदा. मग ते लुटायला दुसरे चाचे यायचे. म्हणून हे किल्ले आणि या तोफा. तोफा अजून जागच्या जागी आहेत, गंजलेल्या, तोंड समुद्राकडे.

आमच्या खोलीत मुंग्यांचा सुळसुळाट होता. लाडवांना मुंग्या लागू नयेत म्हणून अरुणाबाईंनी मला आणि डब्याला कापडी पिशवीत घातलं आणि जातील तिथे खांद्यावर घेऊन हिंडल्या. त्यामुळे मलाही किल्ला बघायला मिळाला. नाहीतर माझ्यासारख्याला कोण किल्ला दाखवतं?

अरुणाबाई एका तोफेशेजारी टेकल्या. "अहो, ज्याने हा किल्ला राखला, त्याची बायको कुठे राहायची?"

"स्पेनमध्ये असेल."

"म्हणजे तीही वाटच बघत असणार." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तुम्ही इकडे इतक्यांदा आलात. या किल्ल्याबद्दल कधी बोलला नाहीत ते?"

"मी पाहिलाच नाही कधी. आजच बघतोय."

"आणि कालवा?"

"तोही नाही."

अरुणाबाईंना वाटलं, नवरा चेष्टा करतोय. पण साहेबांचा चेहरा सरळ होता. "कालव्यातून जाताना इंजिन कोणत्याही क्षणी पुढे न्यायचं, मागे न्यायचं, थांबवायचं असतं. सगळे इंजिनिअर खाली तयार उभे. एका टोकाला खाली उतरायचं, दुसरं टोक आलं की वर यायचं. कालवा डेकवरच्यांनी पाहिला. आम्हाला ते फोटो दाखवायचे."

"अगं बाई!" अरुणाबाई म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं समजत होते, तुम्ही तिकडे जग बघत फिरताय आणि मी इथे भांडी घासतेय."

मित्रांनो, हे अगदी खरं होतं. मी त्या कालव्याचा राखीव मानकरी, पण माझ्या डोळ्यांना कधी दिसलं काय? घड्याळांचे काटे, पायऱ्यांचं लोखंड आणि साहेबांच्या कपाळावरून माझ्या कॉलरवर टपकणारा घाम.

पुढच्या दिवशी आम्ही होडीने एका किनाऱ्यावर गेलो. सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटावर नेणाऱ्या होडीपेक्षा ही चिमुकली, आणि चालवणारा असा सुसाट की अरुणाबाईंनी डबा पोटाशी घट्ट धरला. किनारा मात्र असा की डोळ्यांचं पारणं फिटावं. साहेब लहान मुलासारखे पाण्यात शिरले. एका झोपडीत नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि तळलेली कच्ची केळी मिळाली. अरुणाबाईंनी पहिला घास घेऊन मान डोलावली. "आपल्याकडच्यासारखंच आहे. मीठ जरा कमी." त्या दिवशी त्या खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या. पण मधूनच क्षितिजाकडे बघायच्या. एखादं जहाज दिसलं की विचारायच्या, "ही नव्हे ना?"

संध्याकाळी एजंटच्या ऑफिसातले दिलीपभाई यांचा फोन आला. हे मूळचे गुजरातचे, पण कालव्याच्या तोंडाशी असलेल्या कोलोन शहरात स्थायिक झालेले.

"भाभीजी, बुरा मत मानना. बोट रुकेगी ही नहीं. उसको स्लॉट मिल गया है, कल सुबह सीधी अंदर जाएगी. लाँच नहीं जा सकती."

अरुणाबाईंनी फोन साहेबांच्या हातात दिला आणि पलंगावर बसल्या. साहेब बराच वेळ दिलीपभाईंशी बोलले, पण व्हायचं ते झालंच. त्यांच्या काळी बोटी कालव्याबाहेर रांगेत नांगर टाकून पडायच्या, लाँच जायच्या, घरचे डबे जायचे. आता बोटीची वेळ आधीच ठरलेली असते, आली की थेट आत. साहेबांना हे ध्यानातच आलं नव्हतं.

"आमच्या वेळी..." साहेबांनी सुरुवात केली.

"तुमच्या वेळी!" अरुणाबाई कडाडल्या. "तुमच्या वेळी काय काय व्हायचं ते सगळं ऐकलंय मी. माझी पोर माझ्या डोळ्यांसमोरून जाणार आणि मी तिला लाडूही देऊ शकणार नाही? बरं झालं मी शब्द घेतला तिच्याकडून. ही शेवटची बोट. आता मी कुणाचं ऐकणार नाही."

साहेबांनी मान खाली घातली. मला त्यांची फार दया आली, पण बाईंचंही काय चुकलं होतं?

सकाळी आम्ही आग्वा क्लाराला गेलो. तिथे टेकडीवर बसून कालवा बघायची गच्ची आहे. साहेब गार्गीला आधीच कळवून बसले होते, की आम्ही वरून बघतोय. अरुणाबाईंनी मला डब्यासकट मांडीवर घेतलं. आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा कालवा पाहिला.

काय सांगू! खाली काँक्रीटचे तीन प्रचंड हौद, एकापेक्षा एक उंच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला मोठं तळं. जहाज पहिल्या हौदात येतं, मागचं दार बाजूने सरकून बंद होतं, हौदात पाणी सोडतात आणि एवढं मोठं जहाज अलगद वर येतं. मग पुढचं दार उघडतं, जहाज पुढच्या हौदात शिरतं, पुन्हा वर. असा हा पाण्याचा जिना. मी किती वेळा चढलो होतो हा जिना! छाती अभिमानाने फुगली माझी, लाडवांचा डबा आत नसता तर आणखी फुगली असती.

गार्गीची बोट आली. भली मोठी, तिला ओढायला-आवरायला पुढे एक छोटी दणकट टग बोट, मागे एक टग. शेजारी एक शिक्षिका शाळेतल्या मुलांना घेऊन आल्या होत्या. मुलं बोटीकडे बघून हात हलवायला लागली. डेकवरचे खलाशीही हात हलवू लागले.

"यात गार्गी कुठे?" अरुणाबाईंनी विचारलं.

"ते फनेल दिसतंय ना, धुराडं? त्याच्या सरळ खाली. आणखी खाली. पाण्याच्या पातळीच्याही खाली."

"पाण्याच्या खाली?" अरुणाबाईंनी हलवायला उचललेला हात तसाच राहिला. इतकी वर्षं संसार केला, पण नवरा पाण्याच्या पातळीखाली उभा राहून काम करतो, हे त्यांना कुणी असं दाखवलं नव्हतं. हात कुठे हलवावा तेच त्यांना कळेना. त्यांनी तो माझ्यावर ठेवला.

बोट पहिल्या हौदात वर आली. पुढचं दार सरकलं. आता इंजिन सुरू व्हायला हवं आणि फनेलमधून धुराचा पहिला भपका निघायला हवा. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. धूर येईना.

साहेब उठून उभे राहिले. दोन टग बोटीला धरून होत्या, बोट जागच्या जागी. गच्चीवरच्या भोंग्यातून निवेदक इंग्रजीत म्हणाला, थोडा उशीर होतोय, काळजीचं कारण नाही. मुलं खाऊ खायला लागली. साहेबांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"स्टार्टिंगची हवा लागत नाहीये," ते स्वतःशी पुटपुटले. एवढं मोठं इंजिन दाबून भरलेल्या हवेच्या धक्क्यानेच सुरू होतं. "व्हॉल्व्ह अडकला असणार. कोण आहे खाली? चीफ नवीन आहे म्हणाली होती ती." त्यांनी फोन काढला, परत ठेवला. खाली फोन लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते कठड्याकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. जन्मभर खाली उभं राहून नळ्या आणि पंप हाताळलेला माणूस, पण इथून त्यांचा हात कशालाच पोचत नव्हता.

अरुणाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "बसा."

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना. इथून आपल्याला काही करता येतं का?"

"नाही."

"मग बसा. वाट बघायचीही एक रीत असते. हात कामात ठेवायचे." त्यांनी मला डब्यावरून सोडवलं आणि साहेबांच्या मांडीवर टाकलं. "याची घडी घाला."

आणि चीफसाहेबांनी माझी घडी घातली. मग उघडली, परत घातली. अरुणाबाई सांगत होत्या, "तुमच्या बोटीला वादळ लागलं होतं ना, बातमी येईना, तेव्हा मी घरातले सगळे टॉवेल घडी घातले होते. परत उलगडले, परत घातले."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही खाली होतात. सांगू कुणाला?"

साहेबांनी बायकोकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते माझ्या बाहीला पुसलं नाही, तसंच वाहू दिलं. "हे असं असतं होय?" ते म्हणाले. "इतकी वर्षं तू हे..."

"हो, असंच असतं. आता कळलं ना? मग बसा गप्प." अरुणाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "गार्गी करेल नीट. मिक्सर उघडला तेव्हा मी ओरडले, पण संध्याकाळी तो चालू होता, आणि आधीपेक्षा कमी आवाज करत होता. ती असताना इंजिन बंद राहायचं नाही. माझी मुलगी आहे ती. करेल."

हे त्या साहेबांना धीर द्यायला बोलल्या. पण बोलून झाल्यावर स्वतःच थबकल्या. आपलंच बोलणं त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं असावं. मला मात्र सगळं समजलं. ज्या पोरीला त्या किनाऱ्यावर ओढून आणणार होत्या, तिच्याच भरवशावर त्या आता निवांत बसल्या होत्या.

आणि तेवढ्यात फनेलमधून धूर निघाला! आधी करडा भपका, मग पातळ, मग नुसती गरम हवा थरथरताना दिसली. स्वच्छ. बोट हलली.

साहेब ओरडले, "लागलं! लागलं इंजिन!" माझी घडी खाली पडली. मुलांनीही टाळ्या पिटल्या, कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. अरुणाबाईंनी लाडवांच्या डब्याचं झाकण उघडलं आणि जो दिसेल त्याच्या हातात लाडू ठेवत सुटल्या. घरात कुणी परीक्षा पास झालं की आपण आळीभर पेढे वाटतो ना, अगदी तसं. शिक्षिकेला दिला, सगळ्या मुलांना दिला, भोंग्यावर बोलणाऱ्या निवेदकाला दिला. शिक्षिकेने मला उचलून साहेबांकडे दिलं आणि अरुणाबाईंना इंग्रजीत विचारलं, "तुमच्या यजमानांची बोट आहे का ही?"

"नो, नो," अरुणाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "बोट कंपनीची आहे. इंजिन माझ्या मुलीचं आहे."

मित्रांनो, मी पुष्कळ मान मिळवले आहेत. पण ते वाक्य ऐकलं आणि माझ्या आयुष्याचं सार्थक झालं.

बोट तिसरा हौद चढून वरच्या तळ्यात गेली आणि नांगर टाकून थांबली, तेव्हा गार्गीचा फोन आला. आवाज धापा टाकणारा.

"आई! सॉरी लाह, वर येताच आलं नाही. चीफ म्हणाले होते, जा, डेकवरून आईला हात करून ये. मी शिडीपर्यंत गेले होते आणि तेवढ्यात व्हॉल्व्ह अडकला. मी कशी जाणार? तू एवढी लांबून आलीस आणि मी दिसलेच नाही ना तुला?"

"नाही दिसलीस," अरुणाबाई म्हणाल्या. "तू मला एक शब्द दिला होतास, गार्गी. ही एकच बोट म्हणून."

पलीकडून हळू आवाज आला, "हो आई. आठवतंय. मी नाही मोडणार."

"तू नकोच मोडूस. मी परत देतेय. घे तुझा शब्द तुला."

"आई? खरंच?"

"खरंच. मला वाट बघता येते. चांगली येते. तुझ्या बाबांना नाही येत, त्यांना मी शिकवीन."

गार्गी रडायला लागली की हसायला, ते मला नीट कळलं नाही. शेवटी तिने विचारलं, "आणि माझे लाडू?"

"ते सगळे वाटून टाकले मी. तू पुढच्या बोटीवर जाशील, तेव्हा नवे करीन."

साहेब बाजूला उभे होते. त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि बराच वेळ कालव्याकडे बघत राहिले. त्यांनाही तो पहिल्यांदाच दिसत होता.

मित्रांनो, माझं सांगून झालं. आता एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचे कामाचे कपडे असतील, मळलेले, वास मारणारे, तर नाक मुरडू नका. ते धुवा, उसवलं असेल तिथे टाका घाला आणि ते घालणाऱ्याला जवळ बसवून विचारा, की दिवसभर तू असतोस कुठे, करतोस काय. बहुतेक माणसं आपणहून सांगत नाहीत. आणि कधी समुद्रावर गेलात, एखादं मोठं जहाज जाताना दिसलं, तर हात जरूर हलवा. डेकवरच्या माणसांना हलवाच. पण मग तोच हात जरा खाली आणा, जिथे जहाजाचं पोट पाण्यात शिरतं तिथे, आणि आणखी एकदा हलवा. त्यांना तो दिसणार नाही. तरीही हलवा.